प्रसिद्धिपत्रक-लेखनाचे शालेय अध्यापन

प्रसिद्धिपत्रक-लेखनाचे शालेय अध्यापन : एखादी संस्था, कार्यालय वा मंडळ आपल्या कार्याविषयीची अधिकृत माहिती प्रकाशनार्थ वृत्तपत्रांकडे ज्या लेखी निवेदनाद्वारे पाठविते, त्यास ‘प्रसिद्धिपत्रक’ म्हणतात. व्यवहारात त्यास नुसते ‘पत्रक’ किंवा ‘प्रेस नोट’ असेही म्हटले जाते. उच्च प्राथमिक स्तरावरील, म्हणजे इयत्ता सहावी ते आठवीच्या, विद्यार्थ्यांना आपल्या शाळेविषयीचे असे पत्रक लिहिण्यास शिकविणे हा मातृभाषेतील उपयोजित लेखनाच्या अध्यापनाचा एक भाग होय. निबंधात विद्यार्थी आपल्या भावना व कल्पना मांडतो आणि त्याचा वाचक बहुधा एकटा शिक्षक असतो. पत्रकाचा वाचक मात्र अनोळखी असतो व लिहिलेल्या प्रत्येक विधानाचा आधार विचारण्याचा त्यास हक्क असतो. म्हणून आपण काय पाहिले, काय ऐकले आणि आपणांस काय वाटते, यांतील भेद ओळखून लिहिण्याची सवय लावणे हे या अध्यापनाचे मुख्य प्रयोजन आहे. शाळेला प्रसिद्धी मिळणे हा त्याचा केवळ आनुषंगिक लाभ मानावयास हवा.

स्वरूप व व्याप्ती : प्रसिद्धिपत्रक हे बातमी, जाहिरात, अहवाल व निवेदन या चारही लेखनप्रकारांना जवळचे असले, तरी त्या सर्वांहून वेगळे आहे. बातमी त्रयस्थ वार्ताहर लिहितो व तिच्या खरेपणाची जबाबदारी वृत्तपत्राकडे असते. पत्रक ज्याच्याविषयी ते आहे तोच पक्ष लिहितो, म्हणून त्यात स्वतःची बाजू अपरिहार्यपणे येते. जाहिरातीची जागा विकत घेतलेली असते. पत्रक छापावे की नाही, किती छापावे, हे संपादकाच्या अखत्यारीत राहते. अहवाल घटनाक्रमाने लिहितात. पत्रकात महत्त्वानुसार मांडणी करतात. निवेदन अधिकाऱ्यास उद्देशून असते व त्यात मागणी असते; पत्रक जनतेस उद्देशून असते व त्यात माहिती असते. हे भेद विद्यार्थ्यांना व्याख्यांपेक्षा उदाहरणांवरून लवकर समजतात. एकाच घटनेवर, उदा., शाळेच्या आवारातील बंद पडलेला हातपंप दुरुस्त झाला या घटनेवर, अहवाल, निवेदन व पत्रक असे तीन मजकूर लिहवून घेतल्यास प्रत्येक प्रकाराचा वाचक वेगळा कसा असतो, हे त्यांच्या ध्यानात येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा प्रारंभ सामान्यतः आयव्ही ली या अमेरिकन जनसंपर्क-तज्ञापासून मानतात. ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलमार्गावर मोठा अपघात होऊन पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा वेळी माहिती दडपण्याची तत्कालीन रेल्वे कंपन्यांची रीत होती. ली यांनी ती मोडून कंपनीच्या वतीने घटनेची माहिती देणारे लेखी निवेदन वृत्तपत्रांना दिले. या लेखनप्रकाराचा उगम अशा प्रकारे एका अप्रिय घटनेच्या कबुलीत आहे, ही गोष्ट अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण शालेय पत्रकांत केवळ सत्कार व समारंभ यांनाच स्थान असते, असा समज रूढ झालेला आढळतो. भारतात शासकीय माहिती वृत्तपत्रांना पुरविण्यासाठी १९१९ मध्ये केंद्रीय पातळीवर जो कक्ष स्थापन झाला, त्यातून पुढे पत्र सूचना कार्यालय विकसित झाले. महाराष्ट्रात हे कार्य माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आणि त्याची जिल्हा माहिती कार्यालये यांच्याकडे आहे.

मराठीत वृत्तपत्र व शाळा यांचा संबंध आरंभापासून निकटचा आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी दर्पण हे पत्र सुरू केले. ते पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक होते. पुण्यात जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि त्याच मंडळींनी पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८१ मध्ये, केसरी सुरू केला. केसरीचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर हे शिक्षक तर होतेच, शिवाय मराठी वाक्यमीमांसेवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वाक्याचे कर्ता, कर्म व क्रियापद यांत पृथक्करण करणे आणि ‘कोणी काय केले’ हे वृत्तात नेमके सांगणे, या दोन गोष्टी परस्परांपासून दूर नाहीत, हे या उदाहरणावरून दिसून येते.

विद्यार्थ्यांनीच लिहिलेला मजकूर सार्वजनिक करण्याचे प्रयोग युरोपात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात झाले. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२४ मध्ये बार-सुर-लू या गावच्या शाळेत छोटे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी गावात जे पाहिले ते लिहावे, वर्गाने ते दुरुस्त करावे, मुलांनीच त्याचे खिळे जुळवून छापावे व दूरच्या शाळेस पाठवावे, अशी त्याची पद्धत होती. आपल्या गावाची माहिती नसलेल्या मुलांना ते समजले पाहिजे, या गरजेतूनच लेखन स्पष्ट होत जाते, असा तिचा मथितार्थ होता. वॉर्सा येथे यानुश कॉर्चाक यांनी १९२६ मध्ये मुलांचे व मुलांसाठीचे एक साप्ताहिक वृत्तपत्र एका दैनिकाची पुरवणी म्हणून सुरू केले. गावोगावची मुले त्याची वार्ताहर होती आणि ते १९३९ पर्यंत चालले. महाराष्ट्रातील शाळांमध्ये हस्तलिखित वार्षिक व भित्तिपत्रक यांची परंपरा जुनी आहे. तथापि हे दोन्ही प्रकार शाळेच्या भिंतींच्या आतच वाचले जातात. पत्रकामुळे ती मर्यादा ओलांडली जाते.

अभ्यासक्रमातील स्थान : महाराष्ट्र राज्याच्या मराठी विषयाच्या अभ्यासक्रमात माध्यमिक स्तरावर ‘उपयोजित लेखन’ या विभागात पत्रलेखन, सारांशलेखन, जाहिरातलेखन, कथालेखन यांबरोबर बातमीलेखनाचाही समावेश आहे. २०१८ पासून लागू झालेल्या इयत्ता दहावीच्या कुमारभारतीत बातमीलेखनाची तयारी अपेक्षित आहे. तेथे बहुधा दिलेल्या शीर्षकावरून किंवा कार्यक्रमाच्या मुद्द्यांवरून बातमी तयार करावयाची असते. या पद्धतीत विद्यार्थी घटना पाहत नाही, तर तिची कल्पना करतो. प्रमुख पाहुण्यांचे नाव, उपस्थितांची संख्या व भाषणातील वाक्ये तो मनाने रचतो आणि त्याबद्दल त्यास गुण मिळतात. परीक्षेच्या दृष्टीने हे क्षम्य असले, तरी वृत्तलेखनाच्या मूळ शिस्तीच्या ते विरुद्ध आहे. म्हणून परीक्षेची सवय जडण्यापूर्वी, उच्च प्राथमिक स्तरावरच, प्रत्यक्ष घडलेल्या व पडताळता येणाऱ्या घटनेवर पत्रक लिहविणे इष्ट ठरते. अकरा ते चौदा या वयोगटातील मुले कारण व परिणाम यांचा संबंध लावू शकतात, दुसऱ्यास नेमके प्रश्न विचारू शकतात आणि ‘हे तुला कसे कळले?’ या प्रश्नाचे उत्तरही देऊ शकतात.

केज तालुक्याचा संदर्भ : या अध्यापनाचे महत्त्व मोठ्या शहरांपेक्षा ग्रामीण तालुक्यांत अधिक स्पष्टपणे जाणवते. बीड जिल्ह्यातील केज हा मांजरा खोऱ्यातील तालुका त्याचे चांगले उदाहरण आहे. तालुक्याच्या ठिकाणचा वार्ताहर बहुधा अन्य व्यवसाय सांभाळून बातम्या पाठवितो. अनेक गावे त्याच्या वाट्याला येतात आणि प्रत्येक ठिकाणी जाणे त्यास शक्य नसते. त्यामुळे गावाची बातमी पुष्कळदा शाळेने, ग्रामपंचायतीने किंवा मंडळाने पाठविलेल्या पत्रकावरच आधारलेली असते व अनेकदा ती फारसा फरक न होता छापली जाते. झुंजार नेता, चंपावतीपत्र यांसारख्या बीड येथील दैनिकांमुळे जिल्ह्यातील लहान गावांच्या घडामोडींना मुद्रित स्थान मिळाले. अशा स्थितीत पत्रक लिहिणाऱ्याची चूक ही छापील नोंदीची चूक ठरते आणि ती दुरुस्त करणारा दुसरा कोणी नसतो.

या प्रदेशात सार्वजनिक निवेदनाचे स्वातंत्र्य फार जुने नाही. १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती व १९२९ मधील ‘गश्ती क्रमांक ५३’ या आदेशान्वये जाहीर सभेस पूर्वपरवानगी आवश्यक होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेले मराठवाडा हे साप्ताहिक बंदी आल्यावर निरनिराळ्या नावांनी काढावे लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या सत्तेचा शेवट झाला. तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून शाळाशाळांतून साजरा होतो. आपल्या गावाविषयी आपल्या भाषेत, कोणाची परवानगी न घेता, जाहीरपणे लिहिता येणे हे मुलांना आज स्वाभाविक वाटते; त्यामागील इतिहास सांगितल्याने लेखनाच्या जबाबदारीची जाणीव वाढते.

पत्रकाची रचना : पत्रकाचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे सांगता येतील : (१) संस्थेचे नाव, पत्ता व पत्रक पाठविल्याची तारीख, (२) ‘प्रसिद्धीसाठी’ हा निर्देश, (३) शीर्षक, (४) स्थळ व दिनांक, (५) मुख्य परिच्छेद, (६) तपशिलाचे परिच्छेद, (७) संबंधित व्यक्तीचे म्हणणे, (८) अधिक माहितीसाठी जबाबदार व्यक्तीचे नाव व संपर्क, (९) मुख्याध्यापकाची स्वाक्षरी. मुख्य परिच्छेदात कोण, काय, केव्हा, कोठे, का व कसे या सहा प्रश्नांची उत्तरे यावीत, असा संकेत आहे. वृत्तविद्येत यांस ‘षट्ककार’ असे नाव आहे. मात्र सहाही उत्तरे एकाच वाक्यात कोंबल्यास वाक्य दुर्बोध होते. त्या घटनेत कोणता ककार सर्वांत महत्त्वाचा आहे हे ठरवून त्याने आरंभ करावा व उरलेले पुढील दोनतीन वाक्यांत द्यावेत.

पुढील परिच्छेद उतरत्या महत्त्वाने लावतात. या मांडणीस ‘उलटा पिरॅमिड’ म्हणतात. जागा अपुरी पडल्यास उपसंपादक मजकूर शेवटाकडून कापतो, हे तिचे व्यावहारिक कारण होय. वर्गात याची कसोटी सहज घेता येते : शेवटचा परिच्छेद हाताने झाकावा व उरलेला मजकूर अर्थपूर्ण राहतो का ते पाहावे, मग त्याच्या वरचा झाकावा. पहिला परिच्छेद एकटा उरला तरी घटना समजली पाहिजे.

अध्यापनाचे टप्पे : पहिला टप्पा निरीक्षण व टिपण यांचा. विद्यार्थ्यांच्या लहान गटांनी घटनास्थळी वहीत नोंद करावी. पानाचे तीन रकाने पाडून ‘पाहिले’, ‘ऐकले’ व ‘वाटले’ अशी शीर्षके दिल्यास पुढील काम सोपे होते. पत्रकात पहिल्या रकान्यातील मजकूर थेट येतो, दुसऱ्यातील मजकूर सांगणाऱ्याच्या नावानिशी येतो आणि तिसऱ्यातील येत नाही. दुसरा टप्पा निवडीचा. जमलेल्या नोंदींतून गावाबाहेरच्या वाचकास काय कळावयास हवे, हे वर्गाने चर्चेने ठरवावे. तिसऱ्या टप्प्यात प्रत्येकाने केवळ पहिले वाक्य लिहावे व ती वाक्ये फळ्यावर लिहून तुलना करावी. संपूर्ण पत्रक लगेच लिहावयास सांगू नये. चौथा टप्पा पडताळणीचा. नावांची अक्षरे, पदनामे, तारखा, वार व संख्या या पाच गोष्टी लेखकाखेरीज दुसऱ्या विद्यार्थ्याने मूळ ठिकाणी जाऊन तपासाव्यात. ज्याचे म्हणणे उद्धृत केले त्यास ते वाचून दाखवावे. पाचवा टप्पा संपादनाचा व सहावा पाठवणीचा. पत्रक छापून आल्यास मूळ मजकूर व छापील कात्रण शेजारी चिकटवून काय गाळले, काय बदलले व का, याची चर्चा करणे हा शेवटचा व सर्वांत बोधप्रद टप्पा होय. पत्रक न छापले गेल्यास त्याचीही कारणे शोधता येतात.

कल्पित नमुना : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमाचे रूढ पत्रक बहुधा असे असते : ‘येथील शाळेत नुकताच मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन मोठ्या उत्साहात संपन्न झाला. यावेळी मान्यवरांच्या शुभहस्ते प्रतिमेचे पूजन करण्यात आले. अध्यक्षांनी आपल्या ओघवत्या शैलीत अनमोल मार्गदर्शन केले. कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी सर्व शिक्षकवृंदाने परिश्रम घेतले.’ हे पत्रक कोणत्याही गावाचे, कोणत्याही वर्षाचे व कोणत्याही दिनाचे असू शकते. ‘नुकताच’ यात तारीख नाही, ‘मान्यवर’ यात व्यक्ती नाही, ‘अनमोल’ यात विचार नाही आणि संपूर्ण मजकुरात विद्यार्थी नाही.

त्याच कार्यक्रमाचे दुसरे पत्रक असे होऊ शकेल : ‘इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांनी गावातील नऊ वृद्धांकडून हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या काळाच्या आठवणी लिहून घेतल्या असून, त्यांची वही १७ सप्टेंबर रोजी शाळेत ग्रामस्थांना वाचून दाखविण्यात आली. नऊपैकी दोघांनी त्या वेळचे प्रसंग लहानपणी स्वतः पाहिले आहेत. उरलेल्या सातजणांनी आईवडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. वही शाळेच्या ग्रंथालयात सर्वांना पाहता येईल.’ यातील ‘नऊपैकी दोघांनी’ हे वाक्य या लेखनशिक्षणाचे सार होय. सर्व नऊजणांना ‘साक्षीदार’ म्हटले असते, तर पत्रक अधिक आकर्षक झाले असते. परंतु ते खोटे झाले असते.

संख्यांचा वापर : संख्या खरी असूनही विधान दिशाभूल करणारे असू शकते, हे शिकविण्यास केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरणाचे उदाहरण अतिशय उपयुक्त आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणावर केज, अंबाजोगाई, लातूर इ. शहरांचा पाणीपुरवठा अवलंबून आहे. पावसाळ्यात त्याच्या साठ्याचे आकडे वृत्तपत्रांत नियमाने येतात. धरणाचा एकूण साठा २२४.०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी) असून त्यापैकी १७६.९६ दलघमी जिवंत म्हणजे उपयुक्त साठा आणि ४७.१३ दलघमी मृत साठा आहे. मृत साठा विमोचकाच्या पातळीखाली राहत असल्याने नेहमीच्या मार्गाने बाहेर काढता येत नाही. धरणात नेमके ४७.१३ दलघमी पाणी असेल, तर ‘धरणात २१ टक्के पाणी’ हे विधान एकूण साठ्याच्या हिशेबाने बरोबर ठरते आणि ‘उपयुक्त साठा शून्य टक्के’ हेही तितकेच बरोबर ठरते. पहिले वाचून नागरिक निश्चिंत होईल, दुसरे वाचून सावध होईल. १९७२ च्या दुष्काळाची आठवण बाळगणाऱ्या आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागल्याचे पाहिलेल्या या परिसरात हा फरक शाब्दिक नाही. म्हणून टक्केवारी लिहिताना ती कशाची, हे त्याच वाक्यात सांगावे, असा नियम विद्यार्थ्यांना घालून द्यावा. शाळेतील उपस्थितीच्या टक्केवारीसही तोच नियम लागू होतो.

भाषाविषयक बाबी : शालेय पत्रकांत आढळणारे भाषिक दोष मुख्यत्वे तीन प्रकारचे असतात. पहिला, विशेषणांचा सोस. ‘भव्य’, ‘दिव्य’, ‘अभूतपूर्व’ ही विशेषणे काढून टाकल्यावर जे उरते तीच माहिती. दुसरा, कर्ता लपविणारी वाक्यरचना. ‘वृक्षारोपण करण्यात आले’ या वाक्यातून झाडे कोणी लावली ते कळत नाही. ‘सहावीच्या मुलामुलींनी कडुनिंबाची चाळीस रोपे लावली’ यातून ते कळते. कर्मणी व भावे प्रयोग मराठीत स्वाभाविक आहेत. परंतु जबाबदारी कोणाची हे झाकण्यासाठी त्यांचा वापर होऊ नये. तिसरा दोष नामावळीचा. उपस्थितांची पदांसह यादी देण्याच्या प्रथेमागे स्थानिक प्रतिष्ठेची गणिते असतात व शिक्षकास ती टाळणे कठीण जाते. अशा वेळी नावे शेवटच्या परिच्छेदात द्यावीत. त्यामुळे कोणाचा अनादर होत नाही आणि मजकूर कापला गेला तरी घटना शिल्लक राहते.

पत्रकाची भाषा प्रमाण मराठी असावी. तथापि कोणाचे शब्द उद्धृत करताना ते बोलीत असतील, तर तसेच ठेवावेत. शेतकरी आजोबांच्या तोंडी पुस्तकी वाक्ये घालणे हाही असत्याचाच एक प्रकार होय. विद्यार्थ्याची घरची बोली ही दुरुस्त करावयाची चूक नव्हे, तर योग्य ठिकाणी जतन करावयाची नोंद आहे, ही दृष्टी या निमित्ताने रुजविता येते.

नैतिक व कायदेशीर मर्यादा : विद्यार्थी ज्यांच्याविषयी लिहितात, ती बहुधा त्यांच्याच वर्गातील मुले असतात. त्यामुळे प्रसिद्धीने कोणाचे नुकसान होणार नाही, हे पाहणे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम २३ अन्वये पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा किंवा परिसर यांवरून त्याची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ मध्ये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या तसेच कायद्याशी संघर्षग्रस्त बालकांबाबत अशीच तरतूद आहे. दुसऱ्या बाजूस, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने बालकाचा अभिव्यक्तीचा हक्क मान्य केला असून भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. लिहिणाऱ्या मुलाचा हक्क व ज्याच्याविषयी लिहिले त्या मुलाचा हक्क या दोहोंचा मेळ घालणे आवश्यक असते.

कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या बाबींतही विवेक लागतो. केज व लगतच्या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची योजना राबविली जाते. तिच्यासंबंधीच्या पत्रकात ‘गरीब बिचाऱ्या मुलांना भोजनवाटप’ असा मथळा व ताटासमोर बसविलेल्या मुलांचे छायाचित्र दिल्यास मदत करणारा मोठा दिसतो व मूल लहान होते. वसतिगृह केव्हा सुरू होणार, किती मुलांची सोय आहे, नाव कोणाकडे व कोणत्या तारखेपूर्वी नोंदवावयाचे, ही माहिती दिल्यास तेच पत्रक पालकांच्या उपयोगी पडते. हे पत्रक कुटुंबांनी गाव सोडण्यापूर्वी छापले गेले पाहिजे. नंतर छापले तर त्याचा उपयोग नाही. जे पालक वृत्तपत्र वाचत नाहीत, त्यांच्यापर्यंत हा मजकूर तोंडी निरोपाने किंवा गावातील फलकावरून पोहोचवावा लागतो. पत्रक पाठविले म्हणजे लोकांना कळविले, असे नव्हे.

मूल्यमापन : पत्रकाचे मूल्यमापन शुद्धलेखन व हस्ताक्षर यांवर थांबू नये. पहिल्या परिच्छेदाची पूर्णता, तपशिलांची अचूकता, उद्धृताचा आधार, मांडणीचा क्रम, कर्त्याचा स्पष्ट निर्देश आणि अनावश्यक विशेषणांचा अभाव हे निकष वापरावेत. प्रत्येक विधानासमोर समासात ‘कोठून कळले?’ याचे उत्तर पेन्सिलीने लिहविणे ही साधी पण प्रभावी कसोटी आहे. ज्या विधानापुढील समास कोरा राहतो, ते विधान काढावे. चुकीचे नाव छापून आल्यास दुरुस्तीचे पत्र विद्यार्थ्यांकडूनच लिहवून घ्यावे. वृत्तपत्रात छापून येणे हा मात्र गुणदानाचा निकष असू नये. कारण ते अन्य बातम्यांच्या गर्दीवर अवलंबून असते.

मर्यादा : प्रसिद्धिपत्रक हे अंतिमतः एका पक्षाचे म्हणणे असते. ते मुख्याध्यापकाच्या स्वाक्षरीने जाते, म्हणून शाळेची उणीव त्यात सहसा येत नाही. पिण्याचे पाणी नसणे, शिक्षकाची जागा रिक्त असणे किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार मोडलेले असणे, या गोष्टी विद्यार्थ्यांनी ‘पाहिले’ या रकान्यात नोंदविल्या, तर त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न शिक्षकापुढे उभा राहतो. त्या नोंदी खोडण्यास सांगणे म्हणजे आधीच्या सर्व पाठांवर पाणी सोडणे होय. अशा नोंदींसाठी निवेदन हा योग्य प्रकार असून, बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये स्थापन होणारी शाळा व्यवस्थापन समिती हे त्याचे पहिले स्थान आहे. पत्रकात काय आले नाही, हे ओळखण्याची दृष्टी पत्रक स्वतः लिहिलेल्या विद्यार्थ्यास लवकर येते. शासन, कारखाना, पक्ष वा संस्था यांच्या पत्रकांवर आधारलेल्या बातम्या वाचताना त्यास पुढे हीच दृष्टी उपयोगी पडते. या स्तरावरील बहुतेक विद्यार्थी पत्रकार होणार नाहीत. परंतु छापील मजकूर वाचणारे, अर्ज व निवेदने लिहिणारे आणि ग्रामसभेत बोलणारे नागरिक ते सर्वच होणार असतात.